अस्सल असील



मी रेल्वेतून निवृत्त झालेला माणूस. पण आज बोलणार आहे ते गाड्यांविषयी नाही, कोंबड्यांविषयी. त्यातही एकाच जातीविषयी. तिचं नाव असील. गेली चाळीस वर्षं मी ही जात पाळतो आहे, आणि तीही मुंबईत. कुणाला सांगितलं की आधी हसू येतं. उपनगरात माणसाला पाय पसरायला जागा नाही आणि हा गृहस्थ कोंबडे पाळतो!

सुरुवात तशी हसण्यासारखीच होती. १९८२ साली बोरिवलीच्या एका चाळीत तळमजल्यावर मी बिऱ्हाड केलं. मागे हातभर अंगण होतं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या मामाने आपल्या गावाहून एक असील कोंबडा आणि दोन तलंगा पाठवून दिल्या. तलंगा म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या. पहिल्याच पहाटे पावणेचारला कोंबडा आरवला. शेजारच्या काकू सकाळी दारात उभ्या. म्हणाल्या, "अहो, तुमच्या कोंबड्याला घड्याळ कळत नाही का?" मी म्हटलं, "काकू, मला पहिल्या गाडीच्या ड्यूटीला उठवतो तो." त्या म्हणाल्या, "तुम्हाला उठवू दे की. आम्ही कुठे ड्यूटीला निघालोय?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढे २०१३ साली जपानमधल्या नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवून दिलं की कोंबड्याला घड्याळ चांगलंच कळतं. मंद उजेडाच्या खोलीत ठेवलेला, सूर्य न दिसणारा कोंबडाही पहाटेच्या आधी ठरल्या वेळी आरवतो, कारण घड्याळ त्याच्या शरीरातच असतं. पण हे कळेपर्यंत तीस वर्षं गेली. तेव्हा काकूंचं बरोबर होतं. तीन महिन्यांत मी कोंबड्यांचं बिऱ्हाड खाडीपलीकडे गोराईला हलवलं. माझ्याबरोबर कामाला असलेला एक मित्र तिथला, ईस्ट इंडियन. त्यांच्या घरामागे नारळाची वाडी. त्याच्या आईला मी मावशी म्हणायला लागलो. मावशी म्हणाली, "आण रे बाबा तुझे कोंबडे. इथे आरवायला कुणाची बंदी नाही." तेव्हापासून आजपर्यंत सुटीच्या दिवशी बोरिवलीहून लाँच पकडायची आणि गोराईला जायचं, हा माझा नेम आहे. आता मावशी नाही. मित्र थकला. त्याचा मुलगा रोजचं दाणापाणी बघतो.

असील हा शब्द अरबी. अर्थ मूळचा, चांगल्या कुळातला. आपण मराठीत 'अस्सल' म्हणतो ना, तो त्याच घराण्यातला शब्द. कर्नालला देशी पशुपक्ष्यांच्या जातींची नोंद ठेवणारी राष्ट्रीय संस्था आहे. तिच्या नोंदीत असीलचं माहेर आंध्र प्रदेश, ओडिशा आणि छत्तीसगड असं दिलेलं आहे. मामाचा मुलूख त्याला लागूनच. रंगांवरून नावं पडली आहेत. लालसर सोनेरी तो पीला, काळा-तांबडा तो याकूब, पांढरा तो नूरी, काळा तो कागर, तपकिरी तो टीकर. ऐकायला पहिलवानांची नावं वाटतात, आणि पक्षीही तसाच. मान लांब, छाती रुंद, पाय भक्कम, उभा राहतो तो ताठ. पिसं कमी आणि अंगाला घट्ट चिकटलेली, इतकी की छातीच्या हाडावरची लाल कातडी दिसते. शेपटी खाली झुकलेली. तुरा अगदी बुटका, वाटाण्याचे दाणे ओळीने लावल्यासारखा. गळ्याखाली लोंबणारी लाल कातडी जवळजवळ नाहीच. पूर्ण वाढलेला नर चार किलोपर्यंत भरतो.

आता हा पक्षी असा का, याचं उत्तर सोपं आहे. त्याला झुंजीसाठी घडवलं. लांब तुरा असला की प्रतिस्पर्धी तो पकडतो. लोंबती कातडी असली की तिथून रक्त वाहतं. म्हणून माणसाने पिढ्यान्‌पिढ्या बुटक्या तुऱ्याचे, आखूड पिसांचे, जाड हाडांचे कोंबडे निवडले. हा उद्योग आपल्याकडे फार जुना. मनुस्मृतीत निर्जीव फाशांचा जुगार तो द्यूत आणि प्राण्यांवर लावलेला जुगार तो समाह्वय, असा भेद केलेला आहे. कामसूत्रातल्या चौसष्ट कलांमध्ये मेंढे, कोंबडे आणि लावे झुंजवण्याची कला मोजलेली आहे. दंडीच्या 'दशकुमारचरिता'त कोंबड्यांची झुंज आहे आणि तीत नारिकेल आणि बलाका अशी कोंबड्यांच्या दोन जातींची नावंही येतात. अठराव्या शतकाच्या अखेरीला योहान झोफनी नावाच्या चित्रकाराने लखनौला नवाब असफउद्दौला आणि इंग्रज अधिकारी यांच्यातल्या झुंजीचं मोठं चित्र रंगवलं. ते आज लंडनच्या टेट संग्रहालयाकडे आहे.

हे झालं पुस्तकातलं. मी स्वतः पाहिली ती झुंज मामाच्या गावाला, वयाच्या नवव्या वर्षी. आमच्या विदर्भात तिला कोंबडबाजार म्हणतात. धानाची कापणी झाली, हातात पैसा आला, की गावाबाहेर झाडीत बाजार भरायचा. कोंबड्याच्या पायाला काती बांधतात. काती म्हणजे बोटभर लांबीचं लोखंडी पातं. दोन कोंबडे समोरासमोर धरतात, सोडतात आणि पुष्कळदा पाचदहा मिनिटांत खेळ संपतो. हरलेला कोंबडा जिंकणाऱ्याचा, त्याचा रस्सा होतो. मामाचा कोंबडा त्या दिवशी जिंकला. मामाने मला खांद्यावर बसवून घरी आणलं. हे सगळं मला तेव्हा अतिशय आवडलं होतं, हे आज कबूल केलं पाहिजे. नऊ वर्षांच्या मुलाला रक्तापेक्षा आरडाओरडा जास्त लक्षात राहतो.

पुढे मी पाळायला लागलो तेव्हा झुंज हा विषय माझ्या डोक्यात नव्हता. मला पक्षी आवडायचा. आणि पाळायला लागल्यावर कळलं की झुंज त्याच्या अंगातच आहे, तिला आपण शिकवावी लागत नाही. महिना-दीड महिन्याची पिल्लं एकमेकांच्या छातीला छाती लावून उभी राहतात. तीन महिन्यांनंतर दोन नर एका खुराड्यात ठेवता येत नाहीत. एकदा मी कडी नीट लावली नाही. सकाळी दोघांपैकी एकाचा डोळा गेला होता आणि दुसरा उभाही राहू शकत नव्हता. कुणी पैज लावली नव्हती, काती नव्हती. चूक माझी होती. तेव्हापासून मोठा नर म्हणजे स्वतंत्र खुराडं, आणि मध्ये आरपार न दिसणारा आडोसा. दिसलं की जाळीवर धडका मारून छाती फोडून घेतात.

मुंबईच्या हवेत हा पक्षी पाळताना मुख्य शत्रू एकच, ओल. जून ते सप्टेंबर खुराड्यातली जमीन कोरडी ठेवणं हीच अर्धी कोंबडीविद्या. आम्ही भाताचं तूस घालतो, दर दोन दिवसांनी ते खालीवर करतो आणि मधूनमधून चुना भुरभुरतो. तूस भिजलं की पिल्लांना रक्ती हगवण लागलीच म्हणून समजा. बसायचा दांडा जमिनीपासून वीतभरच उंच ठेवायचा. चार किलोचा कोंबडा रोज उंचावरून धपकन उतरला की तळपायाला गळू धरतं. खाणं साधं. ज्वारी, बाजरी, तांदळाची कणी, शेंगदाण्याची पेंड, आणि गोराईला सुकी मासळी मुबलक, तिचा कूट. नव्वदच्या दशकात मी गोरेगावच्या आरे कॉलनीतल्या केंद्र सरकारच्या कुक्कुटपालन केंद्रात जाऊन लस कशी द्यायची ते समजून घेतलं. त्याआधी एका उन्हाळ्यात मानमोडीने माझी सतरापैकी चौदा पाखरं नेली होती. मानमोडी म्हणजेच राणीखेत. कुमाऊंतल्या राणीखेतला १९२७ च्या सुमारास हा रोग ओळखला गेला, म्हणून त्याला ते नाव. पहिल्या आठवड्यात डोळ्यात किंवा नाकात लशीचा एक थेंब आणि दोन महिन्यांनी इंजेक्शन, एवढ्याने तो टळतो. गावरान कोंबडीला लस कशाला, ती काटक असते, असं म्हणणारे खूप भेटतात. माझी चौदा पाखरं काटकच होती.

असीलची कोंबडी अंडी कमी देते. बरेलीजवळ इज्जतनगरला केंद्रीय पक्षी संशोधन संस्था आहे. तिच्या आकड्यांप्रमाणे ही कोंबडी १९६ दिवसांची झाली की अंड्यावर येते आणि वर्षाला ९२ अंडी देते. पांढरी लेगहॉर्न तीनशेच्या घरात जाते. वीस आठवड्यांचा असील जेमतेम सव्वा किलो भरतो. तुमच्या नाक्यावरचा बॉयलर सहा आठवड्यांत दोन किलो ओलांडतो. तेव्हा धंदा म्हणून पाहिलं तर हा तोट्याचा व्यवहार आहे. पण ही कोंबडी खुडूक बसली की तिच्यासारखी आई नाही. पिसं थोडी असल्याने तिच्याखाली आठ-दहापेक्षा जास्त अंडी ठेवू नयेत. एकवीस दिवस ती जवळजवळ उठत नाही. एकदा वाडीत मुंगूस शिरलं. बाकीच्या कोंबड्या छपरावर. ही पिल्लांच्या पुढे पंख पसरून उभी राहिली आणि मुंगसाच्या तोंडावर अशी झेपावली की ते कुंपणातून पसार झालं. तिच्या मांडीचा लचका गेला होता, पण नऊच्या नऊ पिल्लं शाबूत होती. असीलची हिंमत असीलची हिंमत म्हणतात, ती मी खऱ्या अर्थाने त्या दिवशी पाहिली.

आता थोडा हिशेब सांगतो, कारण जात टिकवायची तर तो चुकवून चालत नाही. घरगुती पाळणारा काय करतो? एक चांगला नर आणि चार माद्या ठेवतो. पुढच्या वर्षी त्याच नराला त्याच्याच मुली. शास्त्राच्या हिशेबाने एक नर आणि चार माद्या म्हणजे पाच पक्षी धरायचे नाहीत. तिथे धरायचे ३.२, कारण प्रत्येक पिल्लाचं अर्धं रक्त एकाच बापाचं. अशा कळपातली विविधता पिढीमागे सुमारे १५ टक्क्यांनी गळते. पाच-सहा पिढ्यांत अंडी पोकळ निघायला लागतात, पिल्लं अशक्त होतात. लोक म्हणतात, नजर लागली. नजर नाही लागली, नाती जवळची झाली.

म्हणून आम्ही चौघांनी एक साखळी केली. एक मी, एक उत्तनचा, एक वसईचा आणि एक पालघरकडचा. दरवर्षी दिवाळीनंतर माझा नर उत्तनला जातो, उत्तनचा वसईला, वसईचा पालघरला आणि पालघरचा माझ्याकडे. माद्या जागच्या हलत नाहीत. प्रत्येक पिल्लाच्या पायात नंबराची कडी आणि वहीत त्याचे आई-बाप. यातला दुसरा फायदा २००६ साली नीट समजला. त्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला भारतातला पहिला बर्ड फ्लू निघाला आणि तिथल्या परिसरातल्या कोंबड्या सरसकट माराव्या लागल्या. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यात मुरुंबा गावी तेच झालं. रोगाच्या वर्तुळात सापडलेल्या पाखराची जात कुणी विचारत नाही, आणि विचारूही नये. म्हणून सगळी वंशावळ एका वाडीत ठेवायची नाही. चार ठिकाणी असेल तर एक गेली तरी तीन उरतात.

अस्सलपणा ओळखायची एक खूण सांगतो. तो वाटाण्यासारखा तुरा एकेरी उभ्या तुऱ्यावर मात करतो. केंब्रिजच्या विल्यम बेटसन यांनी १९०२ साली कोंबड्यांचे तुरे तपासूनच दाखवलं की मेंडेलचे आनुवंशिकतेचे नियम वाटाण्याच्या झाडांप्रमाणे प्राण्यांनाही लागू पडतात. आमच्या कामाचा भाग एवढाच, की दोन असील दिसणाऱ्या पक्ष्यांच्या पोटी उभ्या एकेरी तुऱ्याचं पिल्लू निघालं, तर आई आणि बाप दोघांमध्येही मागे कुठेतरी बाहेरचं रक्त आलेलं आहे. दिसणं अस्सल असतं, आतलं वेगळं असतं. माणसांत अशी खूण नाही, हे एक बरं आहे!

आता ज्या गोष्टीसाठी मी आज इथे बसलो आहे, ती सांगतो.

२०११ च्या हिवाळ्यात मामेभाऊ मुंबईला आला. गोराईला नेलं, कोंबडे दाखवले. माझ्याकडे तेव्हा एक पीला नर होता, मी वाढवलेल्यांतला सर्वांत देखणा. मामेभाऊ म्हणाला, "दादा, घरच्या कोंबड्यांवर सोडायला हा दे. गावात आता अशी जात नाही राहिली." मला बरं वाटलं. जिथून जात आली तिथेच परत जाते आहे, असं वाटलं. टोपलीत घालून, वर गोणपाट शिवून, तो ट्रॅव्हल्सच्या बसने कोंबडा घेऊन गेला.

दोन महिन्यांनी त्याचा फोन. "दादा, तुया कोंबड्यानं चार पाडले ना!" मी विचारलं, "कुठे?" तो म्हणाला, "बाजारात." श्रोतेहो, मी रागावायला हवं होतं. मी रागावलोही, पण ते नंतर. आधी क्षणभर मला अभिमान वाटला. माझा कोंबडा! चार! नऊ वर्षांचा मी मामाच्या खांद्यावरून अजून उतरलो नव्हतो.

फोनवर मी त्याला एवढंच म्हटलं, "हे बरं नाही." कोंबडा परत पाठव, असं म्हणालो नाही. म्हणायला हवं होतं.

पुढच्या आठवड्यात पोलिसांचा छापा पडला. लोक पळाले. दुचाक्या, रोकड, कात्या आणि सात कोंबडे जप्त झाले. मामेभावाला धरलं. मी रात्रीच्या गाडीने निघालो. पोलिस ठाण्याच्या आवारात कडुनिंबाखाली मुद्देमालातले कोंबडे सुतळीने बांधून ठेवले होते. पायातल्या कडीचा नंबर वाचायची गरजच नव्हती. त्याच्या उजव्या मांडीवर वीतभर चीर होती, कुणीतरी साध्या सुई-दोऱ्याने शिवलेली. त्याला उभं राहता येत नव्हतं. मला पाहून त्याने काही ओळख दाखवली नाही. हवालदाराने तांदूळ टाकले होते, ते तो बसल्या बसल्या, मान लांब करून, टिपत होता. तिसऱ्या दिवशी तो गेला. पंचनाम्यात एक ओळ वाढली.

तेव्हा मी कायदाही वाचला. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या अकराव्या कलमात करमणुकीसाठी प्राण्यांना झुंजवणं आणि त्यासाठी जागा चालवणं हे दोन्ही गुन्हे आहेत. पण पहिल्या गुन्ह्याला दंड ठेवलेला होता १० ते ५० रुपये. तेवढ्याने कोण थांबणार? म्हणून अशा छाप्यांत जुगाराचा कायदाही लावला जातो. दोष फक्त मामेभावाचा होता, असं मला म्हणता येईना. मामा तेव्हा ऐंशीच्या पुढे होता. त्याने बाजाराला जाणं कधीच सोडलं होतं. ओसरीवर बसून तो मला म्हणाला, "कोंबडा आपल्या पायानं बाजारात जात नाही, बाबा. कोणीतरी बगलेत धरून नेतो." आणि थोड्या वेळाने म्हणाला, "मीच तुला दाखवला होता."

परत आल्यावर आम्ही चौघं बसलो आणि नियम केले. पहिला, वाढलेला नर साखळीबाहेर कुणालाही द्यायचा नाही, विकत नाही आणि फुकटही नाही. दुसरा, नव्याने पाळू इच्छिणाऱ्याला आधी वाडीवर यायला लावायचं, त्याची जागा आपण जाऊन पाहायची, आणि मग त्याला अंडी किंवा पिल्लं द्यायची. तिसरा, जास्तीचे नर वर्षाच्या आत घरी खायचे. हे नियम फुलप्रूफ नाहीत. दिलेल्या अंड्यातूनही उद्या झुंजीचा कोंबडा निघू शकतो. पण झुंजवणाऱ्याला आज तयार नर हवा असतो, वर्षभर पिल्लू वाढवायची सबुरी त्याच्याकडे सहसा नसते.

तिसऱ्या नियमावर माझ्या नातीने मला पेचात धरलं. म्हणाली, "आजोबा, तिकडे मारला तर वाईट आणि आपण सागोती केली तर चांगलं?" प्रश्न बरोबर आहे. मी तिला जे सांगितलं तेच तुम्हाला सांगतो. कोंबडा दोन्हीकडे मरतो, त्यात मी साधुसंत नाही. फरक मला इतकाच दिसतो की एकीकडे मरण हे जेवणासाठी, एका क्षणात. दुसरीकडे त्याचा त्रास हाच तमाशा, आणि तो जितका लांबेल तितकी पैज वाढते. ज्याला दोन्ही मान्य नसेल, त्याचा मी आदर करतो. नात आता कोंबडी खात नाही. दाणे मात्र टाकायला येते.

जाणकार पाळणारे दुसरा आक्षेप घेतात. म्हणतात, झुंज बंद झाली की असील संपला. कसाला लागल्याशिवाय सोनं कळत नाही, तसं झुंजीशिवाय कोंबडा कळत नाही. नुसता शोभेचा पक्षी उरेल. यात थोडं तथ्य आहे. आपण ज्या गुणासाठी निवड करतो तोच गुण टिकतो, बाकीचे ओसरतात. पण याच नियमाची दुसरी बाजू पाहा. एकोणिसाव्या शतकात कंपनी सरकारच्या लष्करातले जनरल गिल्बर्ट यांनी इंग्लंडच्या कॉर्नवॉल भागात आपले असील तिथल्या झुंजीच्या कोंबड्यांशी लावले, असं सांगतात. त्यातून जी जात निघाली तिला तिकडे 'इंडियन गेम' म्हणत. झुंजीत ती फुकट गेली. पण असीलची रुंद छाती तिच्यात दुप्पट होऊन उतरली होती. तीच पुढे 'कॉर्निश' म्हणून अमेरिकेत गाजली. १९४८ साली तिथे 'उद्याची कोंबडी' नावाची देशव्यापी स्पर्धा झाली, ती कॉर्निशच्याच संकराने जिंकली. आज जगभर खाल्ल्या जाणाऱ्या बॉयलरच्या मुळाशी कॉर्निश आहे. म्हणजे अंधेरी, घाटकोपर, मुलुंडच्या प्रत्येक चिकनच्या दुकानात पिंजऱ्यात बसलेल्या त्या पांढऱ्या, गरीब पाखराच्या छातीत आपला असील आहे. गटारीला रांगेत उभे राहाल तेव्हा आठवा!

एकाच रक्तातून एकीकडे जीव जाईपर्यंत मागे न हटणारा निघाला आणि दुसरीकडे दोन पावलं टाकून बसणारा. दोन्ही माणसाने निवडले. मग तिसरी निवड का करता येऊ नये? इज्जतनगरच्या संस्थेने असील आणि तिथल्याच एका लाल जातीच्या संकरातून परसातल्या कोंबडीपालनासाठी 'निर्भीक' हा पक्षी तयार केला. तिथे असीलचा काटकपणा घेतला, काती घेतली नाही. आम्ही चौघं आमच्या परीने तेच करतो. नर निवडताना बघतो ते सरळ पाय, निरोगी श्वास, ताठ मान, आणि माणसाने उचलल्यावर शांत राहणं. आणि सगळ्यांत आधी बघतो त्याची आई. किती अंडी उबवली, किती पिल्लं मोठी केली, मुंगसासमोर उभी राहिली की छपरावर गेली. असीलची हिंमत तपासायला दुसरा असील लागत नाही.

जाता जाता त्या आरवण्याविषयी. २०१५ साली त्याच जपानी संशोधकांना असं आढळलं की एकत्र राहणाऱ्या कोंबड्यांमध्ये पहिली बांग सर्वांत वरचढ कोंबडा देतो आणि बाकीचे आपापल्या क्रमाने त्याच्या मागून. आमच्या वाडीत नर वेगवेगळ्या खुराड्यांत असतात, मध्ये आडोसे. तरी मुक्कामाला राहिलो की मला रोज तोच क्रम ऐकू येतो. आधी म्हातारा टीकर, मग याकूब, मग तरुण पीला. तो पीला म्हणजे चंद्रपूरला गेलेल्याच्या बहिणीचा वंश.

कधी गोराईला आलात तर वाडीवर या. मित्राचा मुलगा चहा पाजेल. खुडूक कोंबडी बसलेली असेल तर हळू बोला. आवडली जात, तर आधी तुमची जागा बघू, मग पिल्लं देऊ. मोठा कोंबडा मात्र मागू नका. तो मिळणार नाही.



(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)